बेदरकारीने जीव घेणाऱ्या चालकाला शिक्षा नेमकी कशाची द्यायची?

सरळरेषा

रस्त्यावर कुणाचा जीव गेला की दोन सूर लागतात. एक म्हणतो जन्मठेप द्या, दुसरा म्हणतो अपघात आहे हो, मुद्दाम कोण करतंय. शिक्षा ठरवताना न्यायालयाला दोन्हींचा उपयोग नसतो. त्याला बघायचं असतं ते चालकाच्या मनात काय होतं, आणि आपल्या कायद्यात त्याच्या मोजून दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), जुनं ३०४-अ. हे कलम १८७० साली दंड संहितेत आलं आणि ३० जून २०२४ पर्यंत त्याची कमाल शिक्षा दोन वर्षंच होती. आता ती पाच झाली. दुसरी पायरी कलम १०५, सदोष मनुष्यवध, जुनं ३०४. आपल्या कृत्याने जीव जाण्याची शक्यता आहे अशी जाणीव चालकाला होती हे सिद्ध झालं, तर त्याच्या दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या दोन्हींच्या मध्ये काही नाही. लेन बदलताना आरशात न दिसलेल्या दुचाकीला धक्का देणारा आणि लाल सिग्नल तोडून शंभरच्या वेगाने चौकात घुसणारा, दोघं बहुतेक वेळा १०६(१) मध्येच बसतात.

इंग्लंडमध्ये ही रेघ कायद्यानेच ओढली आहे. 'धोकादायक' चालवून मृत्यू घडवला तर २८ जून २०२२ पासून कमाल जन्मठेप (त्याआधी १४ वर्षं), आणि 'निष्काळजी' चालवून घडवला तर कमाल पाच वर्षं. तिथे न्यायाधीशांपुढे शिक्षेचे तक्तेही असतात. आपल्याकडे असे तक्ते असावेत असं मलिमथ समितीने २००३ मध्येच सुचवलं होतं. अजून झालेले नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. टक्कर होण्याच्या आधी चालकाने काय काय ठरवून केलं, त्यावर शिक्षा मोजा. दारू पिऊन चावी हातात घेणं, उलट दिशेने उड्डाणपुलावर चढणं, चालवताना फोनवर टाइप करणं, हे निर्णय आहेत. मृतांचा आकडा बऱ्याचदा योगायोगावर असतो: त्याच वेगाने तीच गाडी रिकाम्या बसथांब्यावर आदळली असती तर कुणी मेलं नसतं. जाणकारांनी लिहावं.

तर्कटी

आकडा बाजूला ठेवा हे पटत नाही. सात माणसं मारणाऱ्याला आणि एकाला मारणाऱ्याला सारखीच शिक्षा, हे समोर बसलेल्या सात कुटुंबांना कसं सांगणार? २००६ च्या वांद्रे कार्टर रोडच्या प्रकरणात पदपथावर झोपलेले सात मजूर गेले. सत्र न्यायालयाने ३०४-अ लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन लावून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षं.

सरळरेषा

@तर्कटी, तोच निकाल पुढे वाचा. ही शिक्षा अपुरी आहे हे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं, पण राज्याने शिक्षा वाढवण्यासाठी अपील केलेलं नव्हतं, म्हणून हात बांधलेले राहिले. तिथे कलम बदललं ते आकड्यामुळे नाही. दारू पिऊन, बेफाम वेगाने, माणसं झोपतात हे माहीत असलेल्या रस्त्यावर गाडी घातली, म्हणजे जाणीव होती, हा त्याचा पाया. एकच मजूर गेला असता तरी तो पाया तसाच राहिला असता. आकड्याला शिक्षेत जागा असावी, पण ती पायरी ठरल्यानंतर, त्या पायरीच्या आत.

न्यायपंगत

धाग्याचा विषय उत्तम. पण कमाल शिक्षा वाढली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी बाकीची यंत्रणाही बघावी. १०६(१) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम २३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. चार किंवा पाच वर्षं योग्य वाटली तर त्याने मत नोंदवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. सरकारी वकिलाने तशी मागणी केली नाही तर हे आपोआप कुणी करत नाही. म्हणजे कागदावर पाच, व्यवहारात तीन.

दुसरं, १०६(१) जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यातच जामीन मिळतो तो चालकाचा हक्क म्हणून. 'लगेच सोडला' हा राग ठाणेदारावर काढून उपयोग नाही, कायद्याच्या अनुसूचीतच तसं आहे.

तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ३०४-अ मध्ये 'कैद किंवा दंड किंवा दोन्ही' होतं, त्यामुळे नुसता दंड भरून सुटता येत असे. १०६(१) मध्ये 'कैद, आणि शिवाय दंड' आहे. पण कैदेला किमान मर्यादा नाही. 'न्यायालय उठेपर्यंत' ही शिक्षाही तांत्रिकदृष्ट्या कैदच ठरते. किमान शिक्षा एक वर्षाची जरी घातली असती तर ही फट बुजली असती. विधी आयोगाने २००९ च्या २३४ व्या अहवालात ३०४-अ ची कमाल दहा वर्षं करा म्हटलं होतं. मला कमालपेक्षा किमान मर्यादेची गरज जास्त वाटते.

मीनल_क

किमान शिक्षेला माझा विरोध. किमान घातली की न्यायाधीश दोषी ठरवायलाच कचरतात, संशयाचा फायदा सढळ हाताने मिळतो. आणि १०६(१) मध्ये ती आरशात न दिसलेली दुचाकीही येते, हे सरळरेषा यांनीच लिहिलंय. आधी दोन गुन्हे वेगळे करा, मग धोकादायक गुन्ह्याला किमान लावा.

न्यायपंगत

हो, मीनलताई, तो क्रम बरोबर आहे. वेगळं केल्याशिवाय किमान लावणं अन्यायाचं होईल. दुरुस्ती मान्य.

ब्रेकलाइट

तुम्ही सगळे शिक्षेवर बोलताय, पण प्रकरणं मुळात पुराव्यावर पडतात. वेगाचंच घ्या. 'भरधाव होता' असं साक्षीदार सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच (कर्नाटकातलं ट्रकचं प्रकरण) सांगितलंय की नुसत्या 'भरधाव' शब्दावरून बेदरकारी सिद्ध होत नाही. किती वेग, रस्ता कसा, गर्दी किती, हे आणा.

वेग काढण्याचा जुना मार्ग म्हणजे ब्रेकच्या खुणा. चाकं घासत गेल्याचं अंतर मीटरमध्ये घ्यायचं, त्याला दोन, घर्षणांक (रस्त्याची टायरवरची पकड दाखवणारा आकडा) आणि ९.८१ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. मीटर प्रति सेकंद मिळतात, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. आता बघा: ३० मीटरची खूण, कोरडं डांबर, घर्षणांक ०.७ धरला तर वेग येतो साधारण ७३. तीच ३० मीटरची खूण ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर, घर्षणांक ०.४ धरला तर ५५. पंचनाम्यात 'रस्ता कोरडा' हे दोन शब्द नसतील तर बचावाचा वकील ५५ च धरायला लावणार, आणि वेगमर्यादा ६० असेल तर तिथेच वेगाचा मुद्दा संपला. वर या हिशोबात धडकेत खर्ची पडलेला वेग येत नाही, तो गाडीच्या चेपण्यावरून वेगळा काढावा लागतो.

पुन्हा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलेली गाडी धड खूण सोडतच नाही. तिथे एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलमधली नोंद लागते: शेवटच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक दाबला का, पट्टा लावला होता का. ज्या गाड्यांत ही सोय आहे त्यांतही ती नोंद काढायला योग्य उपकरण आणि माणूस लागतो. गाडी दोन दिवसांत सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर) मालकाला परत दिली आणि त्याने मॉड्यूल बदलून घेतलं, तर पुरावा गेला. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत बहुधा ब्रेक, स्टिअरिंग, टायर चालू स्थितीत आहेत एवढंच येतं. ते 'यांत्रिक बिघाड होता' हा बचाव खोडायला पुरतं, वेग सिद्ध करायला नाही.

न्यायपंगत

@ब्रेकलाइट, यात एक भर. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने बंधनकारक केलंय. १०६(१) ची कमाल पाच. म्हणजे रस्त्यावरच्या बहुसंख्य मृत्यूंच्या जागी हे पथक जाणं बंधनकारकच नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, हा परिवहन मंत्रालयाचाच आकडा. त्यातल्या किती ठिकाणी मोजपट्टी घेऊन प्रशिक्षित माणूस पोचला असेल?

शुश्रूषा

दारूच्या पुराव्याबद्दल लिहिते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल काढून टाकतं, सरासरी १५ धरतात. अपघाताच्या वेळी १०० असलेला माणूस सहा तासांनी १० च्या आसपास येतो. म्हणून पळून गेलेला, किंवा 'छातीत दुखतंय' म्हणून आधी खासगी दवाखान्यात दाखल झालेला चालक दुसऱ्या दिवशी 'निल' अहवाल घेऊन येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये दारूच्या गुन्ह्यात अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी करायची, नाहीतर सोडायचं, असं आहे. पण हे दोन तास अटकेपासून मोजतात. अपघातापासून नाही.

नमुना घेतानाही चुका होतात. त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, कारण पुढे 'ते अल्कोहोल स्पिरिटचं' हा बचाव तयार असतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर साठवणुकीत जंतूंमुळे अल्कोहोल बनू किंवा घटू शकतं. नमुना घेतल्याची वेळ मिनिटांसह हवी. ती नसेल तर मागे जाऊन हिशोब करताच येत नाही. लेबलवर दात्याची आणि डॉक्टरची सही, लाखेचा शिक्का, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता त्याची अखंड नोंद. पुण्याच्या कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, त्यावरून या साखळीला किती मोल आहे ते कळावं. माझ्या मते दोन नमुने घेऊन एक वेगळ्या संस्थेकडे पाठवणं सक्तीचं हवं.

वाटसरू_सांगली

अल्पवयीन मुलांचं काय? त्या पुण्याच्या प्रकरणात गाडी चालवणाऱ्या मुलाला निबंध लिहायला सांगितला तेव्हा सगळा देश पेटला होता.

न्यायपंगत

तिथे दोन वेगळे प्रश्न मिसळतात. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, आणि त्या प्रसंगाला ती शोभत नव्हती हे खरंच. मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हा दुसरा प्रश्न. बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयोगटासाठी तो मार्ग फक्त 'अतिगंभीर' गुन्ह्यात उघडतो, आणि अतिगंभीर म्हणजे ज्यात किमान शिक्षा सात वर्षं आहे तो. सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागात कमाल दहा आहे, किमान काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या अशाच एका गाडीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. नंतर २०२१ च्या दुरुस्तीने असे गुन्हे 'गंभीर' या वर्गात टाकले. तेव्हा बाल न्याय मंडळावर ओरडून उपयोग नाही, बदल संसदेत व्हायला हवा.

पालकांसाठी मात्र तरतूद कडक आहे, वापरली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं, नव्हती हे पालकाने सिद्ध करायचं.

गाडीवान

मालवाहतुकीच्या बाजूने दोन शब्द. ट्रकने कुणी मेलं की चालक आत जातो. त्याला सलग चौदा-सोळा तास चालवायला लावणारा, 'सकाळी सहाला माल पोचला नाही तर भाडं कापीन' म्हणणारा मालक आरोपपत्रात कुठेच नसतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यात होती. तपास अधिकाऱ्याने टोलच्या फास्टॅग नोंदी, जीपीएसचा माग आणि मालकाचे फोन मागवले तर गाडी किती तास थांबली नव्हती ते तासाभरात कळतं. सरळरेषा म्हणतात निर्णयाला शिक्षा द्या. मान्य. मग झोपेशिवाय चालवायला लावण्याचा निर्णय कुणाचा होता तेही विचारा.

पळून जाण्याबद्दलही. १०६(२) म्हणजे पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षं. जानेवारी २०२४ च्या संपानंतर ते कलम लागू करायचं थांबवलं, बाकी संहिता १ जुलैला आली तेव्हाही ते वगळलं होतं. चालक पळतो तो बऱ्याचदा जमावाच्या भीतीने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या रोषाचा अपवाद आधीपासून आहे, आणि पोलिसांना कळवायला कमाल २४ तास आहेत. पुढच्या नाक्यावर थांबून ११२ ला फोन करणारा चालक आणि नंबरप्लेट काढून गाडी शेडमध्ये लपवणारा चालक यांच्यातला फरक कायद्यात स्पष्ट लिहा. मग दहा वर्षांना आमचा विरोध राहणार नाही.

सरळरेषा

@गाडीवान, तुमचा मुद्दा माझ्या मांडणीतली मोठी उणीव भरून काढतो. रस्ता बांधणाऱ्यांचंही तसंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाला तर कंत्राटदाराला किंवा संस्थेला एक लाखापर्यंत दंड, कैद नाही. दोन्ही ठिकाणी सर्वात मोठा निर्णय घेणारा सर्वात स्वस्तात सुटतो.

दावाअर्ज

भरपाईबद्दल एक गैरसमज दिसतो, की 'पैसे दिले, भोगलं त्याने'. हिशोब बघा. मृत व्यक्ती ३० वर्षांची, स्वतःचा व्यवसाय, महिना २०,००० उत्पन्न, मागे चार अवलंबित. वर्षाचे २,४०,०००. भविष्यातली वाढ ४० टक्के धरून ३,३६,०००. स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले २,५२,०००. २६ ते ३० वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला जितक्याने गुणायचं तो ठरलेला आकडा) १७. झाले ४२,८४,०००, शिवाय सहजीवन, अंत्यविधी वगैरेची ठरावीक रक्कम. हे सगळं विमा कंपनी देते. चालक दारूत असेल तर कंपनी आधी देते, मग मालकाकडून वसुलीचा दावा करते, पण ती वसुली किती होते हा भाग वेगळाच. म्हणून विम्याची भरपाई दाखवून शिक्षा कमी करून घेणं हे पटण्यासारखं नाही. पंजाबच्या एका प्रकरणात दोन मृत्यूंसाठीची एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने भोगलेल्या २४ दिवसांवर आणली, भरपाई दिली म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती सहा महिने केली आणि ३०४-अ चा फेरविचार व्हावा असंही सांगितलं. दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणातही ३०४ भाग दोन कायम झालं, पण कैद भोगलेल्या दोन वर्षांपुरतीच राहिली, वर ५० लाख आणि दोन वर्षं समाजसेवा.

मीनल_क

सगळी चर्चा कैदेभोवती फिरतेय. लायसन्सचं काय? कैद संपल्यावर तोच माणूस परत चाकामागे बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० मध्ये न्यायालयाला अधिकार आहे: वाहन वापरून केलेल्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला न्यायालय ठरवेल तितकी वर्षं लायसन्ससाठी अपात्र करता येतं. कमाल मर्यादाच नाही. तरी कित्येक निकालपत्रांत या कलमाचा उल्लेखसुद्धा नसतो, कारण कुणी मागत नाही. इंग्लंडमध्ये धोकादायक चालवून मृत्यू घडवणाऱ्याला किमान पाच वर्षं बंदी आहे, आणि परत लायसन्स हवं तर जास्त कडक चाचणी.

खटला चालू असतानाचं आणखी वाईट. कलम २१ प्रमाणे सहा महिने लायसन्स आपोआप निलंबित होतं, पण चालकाला आधी कलम १८४ (धोकादायक चालवणं) खाली शिक्षा झालेली असेल तरच. पहिल्यांदाच मृत्यू घडवणारा खटल्याची सगळी वर्षं गाडी चालवू शकतो, परवाना अधिकाऱ्याने कलम १९ (लायसन्स काढून घेण्याचा त्याचा अधिकार) वापरलं नाही तर. माझ्या मते क्षणभराच्या चुकीला छोटी कैद किंवा तीही नाही, पण लांब बंदी. ठरवून केलेल्या बेदरकारीला दोन्ही. आणि बंदीत गाडी चालवताना सापडला तर आजची तीन महिने कैद किंवा १०,००० दंड ही शिक्षा फारच कमी आहे, तिथे कमाल दोन वर्षं हवीत.

तर्कटी

लायसन्सच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. आकड्याबद्दल अजून मतभेद आहेत, पण 'पायरी ठरल्यानंतर' ही मांडणी चालेल. एक विचारतो: नातेवाईक प्रत्यक्षात काय करू शकतात? निकाल लागला की सगळे विचारतात, तोवर उशीर झालेला असतो.

न्यायपंगत

सुरुवातीलाच फिर्यादीची प्रत घ्या आणि कलमं बघा. फक्त १०६(१) आणि २८१ (बेदरकार चालवणं) असतील, आणि दारू, उलटी दिशा, सिग्नल यापैकी काही असेल, तर मोटार वाहन कायद्याची १८४, १८५ (दारू पिऊन चालवणं) लावावीत असा लेखी अर्ज द्या. दोन्ही कायदे एकत्र लागू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आसपासच्या दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. ते जप्त करण्याचा अर्ज पहिल्या दोन दिवसांत द्या, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र घेतलंय का ते विचारा. त्याशिवाय ते चित्रण पुराव्यात टिकत नाही. चालक कोण होता यावरच बरेच खटले पडतात, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली मालकाकडून चालकाचं नाव लेखी घेतलंय का तेही पाहा. भरपाईसाठी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा, आणि तुमचा दावा सहा महिन्यांच्या आत.

आता शिक्षेचं. ३०४-अ समन्स खटला (दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांचा सोपा खटला) होता, दोषी ठरवून तिथल्या तिथे शिक्षा सुनावली जायची. पाच वर्षं झाल्यामुळे १०६(१) वॉरंट खटला झालाय, आणि त्यात शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. त्या दिवशी सरकारी वकिलाच्या हातात एक पानी लेखी निवेदन द्या: चालकाची आधीची चलनं, टक्करीपूर्वीचे त्याचे निर्णय, नंतर मदत केली की पळाला, कलम २० खाली किती वर्षांची बंदी मागताय, आणि तीन वर्षांहून जास्त हवी असेल तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याची विनंती. तुमच्या वकिलाला सरकारी वकिलाला साहाय्य करण्याची परवानगी न्यायालयाकडून मिळवता येते. चालक परिवीक्षा (कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) मागेल, तेव्हा २००० सालचा दलबीर सिंग निकाल दाखवा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चालकांना परिवीक्षेचा फायदा देऊ नये असं म्हटलंय.

शिक्षा कमी वाटली तर पीडिताला स्वतः अपील करता येत नाही. निर्दोष सुटला, हलक्या कलमात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली तरच ते करता येतं. शिक्षा वाढवण्याचं अपील राज्यच करू शकतं, न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात. कार्टर रोडच्या निकालात नेमकं हेच राहून गेलं होतं. त्यामुळे निकालाची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात सरकारी वकिलाकडे अपिलाची लेखी मागणी द्या, आणि पोच घ्या.